भूकंप झाला तर आठव्या मजल्यावरून खाली पळायचं की घरातच थांबायचं?

मुक्ता_धायरी

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी सिंहगड रोडला, बारा मजली, खाली पार्किंग, आम्ही आठव्यावर. परवा सोसायटीच्या मीटिंगमधे फायर ड्रिलचा विषय निघाला आणि त्यात कोणीतरी विचारलं की भूकंप झाला तर काय करायचं, मग जे सुरू झालं ते संपेचना. निम्मे लोक म्हणतात जिन्याने खाली पळायचं, काही म्हणतात दाराच्या चौकटीत उभं राहायचं, एका काकांनी व्हिडिओ दाखवला त्यात टेबलाखाली अजिबात जाऊ नका, पलंगाच्या शेजारी आडवे पडा, तिथे त्रिकोणी पोकळी तयार होते असं होतं. शेवटी पुण्यात कुठे भूकंप होतोय म्हणून विषय बंद झाला.

माझ्या डोक्यातून मात्र जात नाहीये. घरी सासूबाई आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर लागतो, त्यांना घेऊन आठ मजले मी कशी उतरणार? नवरा हिंजवडीत, मुलगा पाचवीत आणि शाळा कोथरूडला. आणि माझे आईबाबा शुक्रवार पेठेत जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर राहतात, लाकडी जिना, वर पोटमाळा, त्यावर चार पिढ्यांची पितळी भांडी. म्हणजे दोन्ही घरं अगदी वेगळी, दोन्हीकडे एकच उत्तर चालेल का तेही कळत नाही.

धक्का बसत असताना काय करायचं, नंतर काय करायचं, आणि शेजारपाजारच्यांना मदत करायची वेळ आली तर काय करू नये, हे कोणी नीट सांगेल का? ऐकीव नको, ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनी लिहा प्लीज.

कॉलम_बीम

मुक्ताताई, मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, काम पुण्यातच. थोडं लांब लिहितो.

आधी पुण्यात कुठे भूकंप होतोय याबद्दल. २००२ सालच्या भूकंप नकाशात पुणे झोन ३ मधे आहे आणि कोयनेचा परिसर झोन ४ मधे. कोयनानगर इथून सरळ रेषेत सव्वाशे किमी, ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे तिथे ६ च्या वरचा भूकंप झाला होता, घरातल्या जुन्या माणसांना विचारा, पुण्यातही लोक झोपेतून उठून रस्त्यावर आले होते. धरणाच्या पाण्यामुळे चाळवलेल्या भूकंपांमधे जगात त्याचं नाव पहिल्यांदा घेतात आणि तिथे अजूनही बारीकसारीक धक्के चालूच असतात. नकाशावर विसंबून राहू नये याचं दुसरं उदाहरण किल्लारी, १९९३ च्या आधीच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मधे होता. म्हणून मीटिंगमधे विषय बंद करणाऱ्यांना हे शांतपणे सांगा.

आता तुमचा फ्लॅट. आठव्या मजल्यावरून पळायचं नाही. हादरा जाणवण्यासारखा असतो तो साधारण अर्धा-पाऊण मिनिट, कधी त्याहून कमी, तेवढ्यात तुम्ही दोन-तीन मजले उतराल आणि नेमक्या जोराच्या झटक्याला जिन्यात असाल. जिना ही बिल्डिंगमधली वाईट जागा आहे, कारण बाकीची फ्रेम डावीउजवी झुलत असते आणि जिन्याचा तिरका स्लॅब मधे आडवा टेकू दिल्यासारखा अडकून बसतो, त्यामुळे ताण तिथे जास्त येतो आणि जिने आधी तडकतात. शिवाय बारा मजल्यांची माणसं एकदम जिन्यात आली तर चेंगराचेंगरी वेगळी. लिफ्ट तर नाहीच, लाईट गेली की अडकलात. बाल्कनीत जायचं नाही, खिडकीजवळ थांबायचं नाही.

करायचं काय, तर आहात त्या खोलीत खाली गुडघ्यावर बसा, भक्कम टेबलाखाली शिरा, एका हाताने मान आणि डोकं झाका आणि दुसऱ्या हाताने टेबलाचा पाय धरा कारण टेबलही सरकतं. टेबल नसेल तर आतल्या भिंतीपाशी, काचेपासून आणि कपाटापासून लांब, डोकं हातांनी झाकून बसा. रात्री पलंगावर असाल तर उठून अंधारात धावू नका, पालथे व्हा आणि उशी डोक्यावर घ्या. उंच मजल्यावर हेलकावे जास्त जाणवतात, मजला हातभर सरकल्यासारखा वाटतो, त्याने घाबरून जाऊ नका, नीट बांधलेली आरसीसी फ्रेम झुलण्यासाठीच डिझाईन केलेली असते, झुलली नाही तर मोडेल.

चौकटीचं म्हणाल तर ते जुन्या मातीच्या घरांच्या वेळचं. घर पडून नुसती लाकडी चौकट उभी राहिलेली दिसायची म्हणून तो समज झाला. तुमच्या फ्लॅटची चौकट भिंतीपेक्षा काही जास्त मजबूत नाही आणि दार आपटून बोटं मोडतात. त्रिकोणी पोकळीचा व्हिडिओ मीही पाहिलाय. बिल्डिंग पूर्ण बसली तरच ते बोलणं लागू, आणि तेव्हाही पोकळी कुठे होईल हे कोणी आधी सांगू शकत नाही. बहुतेक भूकंपात बहुतेक बिल्डिंगी उभ्या राहतात आणि माणसं जखमी होतात ती वरून पडलेल्या कपाटाने, टीव्हीने, पंख्याने, काचेने. त्यावर टेबलच उपयोगी.

आणि धक्का यायच्या आधी एकदा पार्किंगमधे जाऊन कॉलम बघा, खरंच बघा. वर भिंतींनी भरलेले अकरा मजले आणि खाली नुसते खांब, याला आम्ही सॉफ्ट स्टोरी म्हणतो. २६ जानेवारी २००१ ला भुजच्या भूकंपात अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किमीहून लांब असूनही तिथल्या कितीतरी अपार्टमेंट बसल्या, त्यातल्या बऱ्याच अशाच, वरचे मजले अख्खे आणि खालचं पार्किंग चपट. कॉलमचं प्लास्टर फुगलंय का, गंजलेली सळई दिसतेय का, कोणी पाईप न्यायला कॉलम किंवा बीम फोडलाय का ते बघा. माझ्या पाहण्यातल्या एका इमारतीत दुकानाचं शटर मोठं करायला कॉलम चार इंच तासला होता आणि वर छान टाईल लावली होती, टाईल काढेपर्यंत कोणाला पत्ता नाही. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधीप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी करायचं असतं. सोसायटीत रंगाला लाखो रुपये निघतात आणि ऑडिटला निघत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वाड्याबद्दल वेगळं लिहितो, जेवून येतो.

गौरी_सिस्टर

मी आयसीयूत नर्स आहे. सासूबाईंचं मी सांगते.

वॉकरवाल्या पेशंटला धक्क्याच्या वेळी उचलायला किंवा चालवायला जाऊ नका, दोघी पडाल आणि नव्या गुडघ्यावर पडणं म्हणजे पुन्हा ऑपरेशन. त्या खुर्चीत असतील तर तिथेच बसू द्या, पुढे वाकून डोकं आणि मान दोन्ही हातांनी किंवा उशीने झाकायची. पलंगावर असतील तर पलंगावरच. वॉकरला चाकं आणि बसायची सीट असेल तर ब्रेक लावून त्यावरच बसवता येतं. तुमच्या हातात आज करण्यासारखं म्हणजे त्यांचा पलंग हलवा. खिडकीला लागून असेल किंवा डोक्याशी गोदरेजचं कपाट असेल तर ते बदला, पलंगाच्या वरच्या भिंतीवर देवाचा जड फोटो किंवा काचेची फ्रेम असेल तीही काढून दुसरीकडे लावा. हे सगळ्या पलंगांना लागू आहे, मुलाच्या पण.

पलंगाखाली प्रत्येकाची एकेक चप्पल जोडी ठेवा, पिशवीत घालून पलंगाच्या पायाला बांधली तर उत्तम कारण हादऱ्याने ती सरकून जाते. भूकंपानंतर तळपायात काच घुसून आलेले लोक खूप असतात आणि मग ते ना स्वतः चालू शकत ना दुसऱ्याला मदत करू शकत. चपलेसोबत टॉर्च आणि शिट्टी. शिट्टी दहा-वीस रुपयांना मिळते, अडकलं तर ओरडण्यापेक्षा तीच कामाला येते कारण ओरडलं की धूळ छातीत जाते आणि तासाभरात आवाज बसतो.

औषधांची एक पिशवी दाराजवळ, बीपी-शुगर-थायरॉईडच्या आठवड्याभराच्या गोळ्या, चष्म्याचा जुना जोड, प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाईलमधे आणि एक झेरॉक्स कागदावर. इन्सुलिन घेणारं कोणी असेल तर लाईट गेल्यावर फ्रीज बंद, तेव्हा छोटा थर्मास हाताशी असू द्या.

आता मदत करताना. रक्त वाहत असेल तर स्वच्छ ओढणी, पंचा जे असेल ते घडी करून जखमेवर घट्ट दाबून धरा, दर मिनिटाला उचलून बघू नका, भिजलं तर वरून दुसरं ठेवा. हळद, कॉफी पावडर काही भरू नका, आम्हाला ते धुवायलाच वेळ जातो. मान-पाठ दुखतेय, पाय बधीर झालेत असं कोणी म्हणालं तर त्याला हलवू नका, आग किंवा वरून पडायची भीती असेल तरच हलवा आणि तेव्हा डोकं-मान-पाठ एका रेषेत ठेवून चौघांनी मिळून, फळीवर किंवा दारावर.

अजून एक अतिशय महत्त्वाचं, लोकांना माहीत नसतं. कोणाचा पाय किंवा मांडी जड स्लॅबखाली चेपली असेल आणि तास-दीड तास उलटून गेला असेल, तर एकदम दगड उचलून ओढून काढू नका. चेपलेल्या स्नायूंमधलं पोटॅशियम आणि बाकी घाण दाब सुटल्यावर एकदम रक्तात जाते, हृदय बंद पडू शकतं, किडनी जाऊ शकते. माणूस दोन तास बोलत असतो, चहा मागत असतो आणि बाहेर काढल्यावर पाच मिनिटात जातो, आजूबाजूच्यांना कळतच नाही काय झालं. अशा वेळी आधी सलाईन चालू करून मग काढतात. त्याच्याशी बोलत राहा, पांघरूण घाला, १०८ ला आणि बचाव पथकाला स्पष्ट सांगा की अमुक वेळेपासून पाय दबलाय. आत्ताच पाच-दहा मिनिटांपूर्वी दबलाय आणि तुम्हाला सुरक्षितपणे काढता येतोय तर मात्र लगेच काढा, वाट बघू नका.

औसा_तालुका

मी राहतो पुण्यात, वारज्याला, पण गाव आमचं किल्लारीपासून जवळ. १९९३ ला मी सातवीत होतो. मुक्ताताई तुम्ही विचारलंय मदत कशी करावी आणि काय करू नये, त्याबद्दल सांगावंसं वाटलं.

२९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, गावागावात विसर्जन करून लोक रात्री उशिरा झोपलेले, आणि ३० तारखेला पहाटे चारच्या सुमाराला झालं. आमच्याकडची घरं दगडमातीची, दोन-दोन फूट रुंद भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडं टाकून त्यावर मातीचा जाड थर, दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वरून अजून माती टाकायची, असं वर्षानुवर्षं. ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ-दहा हजाराच्या घरात माणसं गेली. आदल्या वर्षी ९२ ला धक्के बसत होते तेव्हा लोक बाहेर झोपायचे, मग हळूहळू परत घरात झोपायला लागले होते.

पहिले काही तास कोणी आलं नाही, येणार तरी कसं, कळायलाच वेळ लागला. ज्यांना काढलं त्यांना शेजाऱ्यांनीच काढलं, हातानं, फावड्यानं, घमेल्यानं. आणि कोण कुठं झोपतं हे शेजाऱ्याला माहीत होतं म्हणून काढता आलं. म्हातारी ओसरीला झोपते, लेकरं आतल्या खोलीत, गुरं या बाजूला. माझ्या चुलत्यांनी तिकडं नुसतं ओसरीच्या अंदाजानं खणलं आणि आत्या जिवंत सापडल्या. आज पुण्यात माझ्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत, त्यातल्या एकात कोण राहतं हे मला माहीत नव्हतं, मुद्दाम जाऊन ओळख करून घेतली. तुमच्या विंगमधे कोणत्या फ्लॅटला एकटं म्हातारं माणूस आहे, कोणाकडं तान्हं बाळ आहे, कोण दिवसा झोपतं नाईट शिफ्टमुळं, एवढी यादी वहीत असली तरी मोठं काम होईल. मोबाईलमधे नाही, वहीत, आणि एक प्रत वॉचमनच्या केबिनमधे.

खणताना आमच्यातले जाणते लोक मधेच सगळ्यांना थांबवायचे. कोणी बोलायचं नाही, रडायचं पण नाही, मोटारसायकल बंद. आणि कान लावायचे. आवाज आला की तिथं. हे फार अवघड असतं हो, ज्याचं माणूस आत आहे त्याला गप्प बस म्हणणं, पण त्याशिवाय कळत नाही. ढिगाऱ्यावर दहा माणसांनी चढायचं नाही, आपल्याच वजनानं खालची पोकळी बसते. बाजूनं माती काढायची, वरची लाकडं ओढायची नाहीत, एक लाकूड ओढलं की दुसरं बसतं.

आता काय करू नये. बघायला जाऊ नका. तेव्हा लांबलांबून लोक नुसतं बघायला आले, जीपा भरभरून, रस्ते अडले, मिलिटरीच्या आणि सामानाच्या गाड्या मागं अडकल्या, वरून पाऊस. आणि कपडे. ट्रकच्या ट्रक जुने कपडे आले, रस्त्याच्या कडेला ढीग पडले, भिजले, कुजले, कोणी हात लावला नाही. ज्याचं सगळं गेलंय त्याला फाटका बुशशर्ट देऊ नये, त्याला अंगावर घ्यायला नवी चादर द्या, ताडपत्री द्या, कंदील द्या, बायकांसाठी लागणाऱ्या वस्तू द्या, बादली-तांब्या द्या. आणि आधी विचारा काय पाहिजे. पहिल्या आठवड्यात सगळं येतं, नंतर कोणी येत नाही, आणि घर परत उभं करायला तर वर्षं लागतात. पत्र्याच्या शेडमधे आमच्या लोकांनी उन्हाळे काढलेत. मदत करायचीच असेल तर सहा महिन्यांनी जा, तेव्हा खरी गरज असते.

लेकरांना एकटं झोपू देऊ नका काही दिवस. मी स्वतः कितीतरी दिवस भिंतीकडं तोंड करून झोपू शकत नव्हतो.

कॉलम_बीम

औसा_तालुका, वाचून काय लिहावं कळेना. तुमचं ते यादीचं आमच्या सोसायटीत मी या आठवड्यात करतोय.

वाड्याचं सांगतो. पेठेतल्या बऱ्याच वाड्यांना आतून लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा असतो आणि त्यामधे विटा-माती भरलेली. सांगाडा चांगला असेल, खांबाचा बुडखा कुजलेला नसेल, तर लाकूड वाकतं आणि तग धरतं, धोका असतो तो भिंतींचा, कौलांचा आणि माळ्यावरच्या सामानाचा. म्हणून मुक्ताताई, पहिलं काम पोटमाळा रिकामा करा. पितळी हंडे, पाटा-वरवंटा, जुन्या ट्रंका जमिनीवर आणा. झोपायची जागा रस्त्याकडच्या बाहेरच्या भिंतीला लागून नको, खांबाजवळ आतल्या बाजूला. वाळवी आणि ओल बघायला वाडे दुरुस्तीतला जाणकार माणूस बोलवा, न्हाणीघराच्या आणि मोरीच्या खालचे खांब आधी कुजतात, तिथे सुरीचं टोक घालून बघतात, सहज आत गेलं तर खांब गेलेला.

धक्का बसताना तिथेही लाकडी जिन्याने पळू नये. तळमजल्यावर राहणारा असेल, दार दोन-चार पावलांवर असेल आणि बाहेर खरंच मोकळं अंगण असेल तर निघून जाणं बरोबर. पण पेठेतल्या बोळात बाहेर पडणं म्हणजे दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या मधे उभं राहणं, वरून कौलं, कुंड्या, एसीची बाहेरची युनिटं. अशा ठिकाणी भक्कम टेबल किंवा लाकडी दिवाण बरा. धक्का थांबला की मात्र वाड्यात रेंगाळू नका, लगेच बाहेर, आणि कुठे जायचं ते आधी ठरवून ठेवा, शाळेचं मैदान, बाग, जवळचं जे असेल ते. जुन्या दगडमातीच्या घराला पहिला धक्का खिळखिळं करतो आणि आफ्टरशॉक, म्हणजे मागून येणारा धक्का, पाडतो.

फ्लॅटवाल्यांनी पण थांबल्यावर जिन्याने शांतपणे उतरावं, आधी गॅस बंद करून.

सागर_पेठकर

आमचं मंडळ आहे कसब्यात, त्यात मी आपदा मित्रचं, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांसाठीच्या सरकारी योजनेचं, ट्रेनिंग घेतलंय. थोडक्यात लिहितो.

पुण्यात एनडीआरएफची ५ वी बटालियन आहे, तळेगावजवळ सुदुंबऱ्याला, म्हणजे आपल्याकडे पथक लांबून यायचं नाहीये, पण शहरात एकावेळी पन्नास ठिकाणी पडझड झाली तर ते तरी कुठे कुठे जाणार. पहिल्या तासात गल्लीतली पोरंच असणार. आणि गणपतीत लाखोंची गर्दी दोरी धरून सांभाळणारी पोरं प्रत्येक गल्लीत आहेत, त्यांच्याकडे दोर आहेत, जनरेटर आहे, हॅलोजन आहेत, माईक आहे, टेम्पोवाल्याचा नंबर आहे. त्यात फक्त हेल्मेट, चांगले हातमोजे, पहारी, जॅक आणि स्ट्रेचर एवढं वाढवलं की झालं. आमच्या मंडळाने वर्गणीतून घेतलंय, बाकीच्यांनी पण घ्या, ही कळकळीची विनंती.

फोनचं म्हणाल तर कॉल करत बसू नका, नेटवर्क तुंबतं, एसएमएस टाका. बाहेरगावच्या एका नातेवाईकाला सगळ्यांनी मेसेज करायचा असं घरात ठरवा, नगरचा मामा, नाशिकची मावशी कोणीही, पुण्यातल्या पुण्यात लागत नाही तेव्हा बाहेरचा लागतो. ११२ सगळ्यासाठी, १०८ ॲम्ब्युलन्स, १०१ अग्निशमन, १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष, १९०६ गॅस गळती. अँड्रॉइड फोन असेल तर सेटिंगमधे सेफ्टी अँड इमर्जन्सीमधे भूकंपाचा अलर्ट चालू करा, २०२३ पासून भारतात आहे, केंद्र लांब असेल तर हादरा पोचायच्या आधी काही सेकंद मिळतात, तेवढ्यात टेबलाखाली जाता येतं.

आणि व्हॉट्सॲपवर "रात्री ३ वाजता मोठा धक्का येणार आहे, नासाने सांगितलंय" असं आलं तर पुढे पाठवू नका. भूकंप किती वाजता येणार हे जगात कोणालाच आधी सांगता येत नाही. आफ्टरशॉक येणार एवढं नक्की, वेळ नाही. असल्या मेसेजमुळे लोक रात्रभर म्हाताऱ्यांना थंडीत बसवतात नाहीतर जिन्यात पळापळ करतात.

शाळेचं ताई, धक्का बसल्या बसल्या गाडी काढून कोथरूडला धावू नका. सगळेच पालक निघाले की कर्वे रोड बंद आणि ॲम्ब्युलन्स अडकणार. शाळेत आत्ताच जाऊन विचारा की मुलं कोणत्या मैदानात नेणार, कोणाच्या ताब्यात देणार, तुम्ही पोचू शकला नाहीत तर जवळ राहणाऱ्या कोणाचं नाव देता येईल. गाडीत असाल तर फ्लायओव्हरखाली किंवा होर्डिंगखाली थांबू नका, मोकळ्यात कडेला लावून आतच बसा, गाडीवर वायर पडली असेल तर उतरू नका.

मुक्ता_धायरी

सगळ्यांचे मनापासून आभार, औसा_तालुका तुमचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांचं माहेर सोलापूरचं, त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग स्वतःच म्हणाल्या माझा पलंग आजच हलवा. आईबाबांच्या पोटमाळ्याचं या शनिवारी करतोय, बाबा तयार नव्हते पण आईने मनावर घेतलंय.

दोन शंका राहिल्या. स्वयंपाक चालू असताना झालं तर गॅस आधी बंद करायचा की टेबलाखाली जायचं? आमच्याकडे पाईपचा गॅस आहे, आईकडे सिलेंडर. आणि कपाटं पडू नयेत म्हणून भिंतीला बांधायची असतात म्हणे, ती नेमकी कशी, कारण सुताराला विचारलं तर तो म्हणाला तुमच्या भिंतीत खिळा धरत नाही.

कॉलम_बीम

हाताशी बटण असेल आणि हादरा हलका असेल तर बंद करा आणि लांब व्हा. जोरात हलत असेल तर गॅसकडे जाऊ नका, उकळतं तेल नाहीतर कुकर अंगावर येतो, ओट्यापासून मागे सरका, थांबल्यावर बंद करा. सिलेंडरचा रेग्युलेटर बंद, पाईपच्या गॅसला ओट्याखाली किंवा मीटरजवळ व्हॉल्व्ह असतो, तो कुठे आहे आणि कुठल्या बाजूला फिरवायचा ते घरात सगळ्यांना आज दाखवा, मुलाला पण. वास आला तर लाईटचं कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका, काडी ओढू नका, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर पडा, फोन बाहेर जाऊन करा. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो, म्हणून वाड्यात खालच्या फटी-दार उघडणं महत्त्वाचं, पाईपचा हलका, वर जातो, तिथे वरची खिडकी.

परत घरात जाण्याआधी तडे बघा. भिंत आणि बीमच्या सांध्यात सरळ बारीक तडा असेल तर बहुतेकदा फक्त प्लास्टरचा असतो. कॉलमला तिरका तडा, इंग्रजी एक्ससारखा फुलीचा तडा, काँक्रीट उडून सळई उघडी, दारं एकदम घट्ट बसायला लागली, यातलं काही दिसलं तर सामान आणायला सुद्धा आत जायचं नाही, इंजिनिअरने बघेपर्यंत. टेरेसवरच्या पाण्याच्या टाक्या आणि सोलरची पाईपं पण बघायला सांगा, हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन आहे डोक्यावर.

सुतार बरोबर बोलतोय. तुमच्याकडे बहुतेक हलक्या ब्लॉकच्या भिंती असतील, राखाडी, भोक पाडताना पांढरी मऊ पूड निघते. त्यात साधा प्लॅस्टिकचा गट्टू सुटतो. ब्लॉकसाठी वेगळा लांब नायलॉनचा फास्टनर मिळतो, हार्डवेअरवाल्याला ब्लॉकचा द्या म्हणून सांगा, भोक हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवून पाडायचं नाहीतर मोठं होतं. कपाटाच्या वरच्या कडेला दोन टोकांना एल क्लॅम्प, जमत असेल तर स्क्रू काँक्रीटच्या बीममधे किंवा कॉलममधे घ्या. लोखंडी कपाटाला पाठीमागून भोक पाडावं लागेल. जड वस्तू खालच्या कप्प्यात, वर फक्त कपडे. टीव्ही स्टँडवर असेल तर त्याला पट्टा मिळतो. फ्रीजला चाकं असतील तर लॉक.

औसा_तालुका

ताई, आईबाबांकडं शनिवारी माणसं कमी पडत असतील तर सांगा, मी आणि भाचा येतो. हंडे जड असतात आणि लाकडी जिन्यावरून खाली आणायला चार हात लागतात.

मुक्ता_धायरी

या ना दादा, खरंच या. पत्ता मेसेज करते. सकाळी दहाला सुरू करतोय, जेवण आईकडेच.

सागर_पेठकर

शुक्रवार पेठ म्हणजे आमच्याकडून पाच मिनिटं. मंडळाची दोन पोरं आणि दोर पाठवतो, हंडे जिन्यावरून हातात धरून न उतरवता खिडकीतून दोराने सोडू. पहिल्या मजल्याला गज आहेत का तेवढं कळवा.

मुक्ता_धायरी

मागच्या बाजूच्या खिडकीला नाहीत, चौकात उघडते ती.